धर्मग्राम, कॅथलिक

रोमन कॅथलिक चर्चच्या रचनेतील सर्वांत लहान स्थिर घटक. बिशपच्या अधिकारक्षेत्रास धर्मप्रांत म्हणतात. त्याचे जे विभाग एकेका प्रमुख धर्मगुरूकडे सोपविलेले असतात, ते धर्मग्राम होत. यूरोपीय भाषांतील ‘पॅरिश’ ही संज्ञा ‘पारोइकिया’ या ग्रीक शब्दावरून आली असून परमुलखातील तात्पुरते वास्तव्य, असा त्या शब्दाचा अर्थ होता. आरंभीचे ख्रिस्ती लोक स्वतःस या जगातील प्रवासी मानीत. पुढे यूरोपात गावोगाव चर्च उभे राहिले आणि तोच शब्द पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहणाऱ्यांच्या वस्तीस लागला; म्हणजे त्याचा अर्थ जवळजवळ उलटा झाला. नाशिकसारख्या उद्योगनगरातील धर्मग्राम मात्र पुन्हा मूळ अर्थाच्या जवळ आलेले दिसतात.

धर्मग्रामांच्या सीमा नीट आखाव्यात व तेथील स्नानसंस्कारांच्या आणि विवाहांच्या नोंदी ठेवाव्यात, असा दंडक ट्रेंटच्या परिषदेने (१५४५–६३) घातला. १९१७ च्या धर्मसंहितेतही धर्मग्रामाची कल्पना मुख्यतः प्रदेशाचीच होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) हा भर बदलला. १९८३ च्या संहितेत धर्मग्राम म्हणजे ‘श्रद्धावंतांचा समुदाय’ अशी व्याख्या असून सीमा ही त्या समुदायाची केवळ ओळख पटविणारी खूण ठरते. धर्मगुरूने आपल्या माणसांस ओळखावे, त्यांच्या घरी जावे, त्यांच्या सुखदुःखांत सहभागी व्हावे आणि गरीब, आजारी, एकाकी व मायदेशास मुकलेल्या लोकांकडे विशेष लक्ष द्यावे, असेही तीत सांगितले आहे.

या संहितेतील एक तरतूद स्थलांतरितांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एखादी व्यक्ती एका ठिकाणी तीन महिने राहिली किंवा तेवढे राहण्याच्या इराद्याने तेथे आली, की तेथील धर्मगुरू हा तिचा धर्मगुरू होतो. पाच वर्षांच्या वास्तव्याने हे नाते पूर्ण होते. त्यासाठी अर्ज, वर्गणी वा कोणाची शिफारस लागत नाही. अडचण असते ती अशा व्यक्तीचे येणे कोणाच्या लक्षातच न येण्याची.

नाशिकचा धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून १५ मे १९८७ रोजी वेगळा करण्यात आला. जेझुइट संघाचे थॉमस भालेराव हे त्याचे पहिले बिशप (१९८७–२००७). नाशिक, अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर), धुळे, जळगाव व नंदुरबार या जिल्ह्यांत तो पसरलेला आहे. नाशिक शहरात प्रॉटेस्टंट पंथीयांची वस्ती आधीची. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीची वसाहत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातील आहे. कॅथलिक समाज मात्र मुख्यतः नोकरीच्या निमित्ताने जमत गेला. रेल्वे, देवळालीची लष्करी छावणी, नाशिकरोडचे सरकारी छापखाने (इंडिया सिक्युरिटी प्रेस, १९२५) आणि ओझरचा विमान कारखाना (१९६४) यांमुळे गोवा, मंगळूर, केरळ व तमिळनाडू येथील कुटुंबे येथे आली. सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहती वाढल्यावर राहुरी, श्रीरामपूर, संगमनेर या भागांतील मराठी ख्रिस्ती कुटुंबेही मोठ्या संख्येने येऊ लागली.

या दोन प्रवाहांची धर्मग्रामाविषयीची अपेक्षा सारखी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील कॅथलिक समाज एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जेझुइट मिशनऱ्यांच्या कार्यातून उभा राहिला; केंदळ हे त्याच्या आरंभीच्या केंद्रांपैकी एक. समाजातील बहुसंख्य लोक त्या काळी अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेले होते. एकेका धर्मगुरूकडे अनेक गावे असत व तो घोड्यावरून फिरतीवर येई. एरवी प्रार्थना, शाळा, तंटे व अर्ज-विनंत्या हे सर्व गावातला शिक्षकच पाही. पहिल्या महायुद्धात जर्मन जेझुइटांना इंग्रज सरकारने स्थानबद्ध करून मायदेशी पाठविले, तेव्हा तर या ‘मास्तरां’चा आधार अधिकच मोलाचा ठरला. अशा गावातून आलेला माणूस शहरात शोधतो तो असा मास्तर. गोवा-मंगळूरकडून आलेल्यांच्या मागे मात्र शतकानुशतकांच्या मोठ्या चर्चांची, गायनवृंदांची व संघटनांची परंपरा असते.

फरक सर्वांत आधी भाषेत जाणवतो. व्हॅटिकन परिषदेपूर्वी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. ती कोणालाच समजत नसल्याने त्या बाबतीत निदान समता होती. लोकभाषेला वाव मिळाल्यावर इंग्रजी व मराठी मिस्सा वेगवेगळ्या वेळी होऊ लागल्या. ही सोय आवश्यकच आहे; परंतु तिच्यामुळे एकाच छपराखाली दोन समाज तयार होऊन ते फक्त फाटकाशी एकमेकांस भेटतात, असेही घडते. वाचन, गायन, वर्गणी व समित्या यांत इंग्रजी जाणणाऱ्यांचे वजन वाढले, की मराठी कुटुंबे मागच्या बाकांवर बसू लागतात. भाषेच्या या भेदाआड पुष्कळदा जातीचा व वर्गाचा भेद दडलेला असतो, हे मान्य केल्याखेरीज केवळ द्वैभाषिक भक्तिगीते म्हटल्याने तो मिटत नाही. केरळातील सीरो-मलबार विधीच्या लोकांसाठी १९८८ मध्ये कल्याण येथे स्वतंत्र धर्मप्रांत स्थापन झाला व त्याचे क्षेत्र नाशिकपर्यंत ठेवले गेले. विधी किंवा भाषेनुसार वेगळे धर्मग्राम करण्यास संहितेची अनुमती आहे. तथापि प्रत्येक भेदावर हाच उपाय योजल्यास शेजारी म्हणून एकत्र येण्याचे कारणच उरणार नाही.

नोंदवही हा धर्मग्रामाचा कणा. स्नानसंस्काराची मूळ नोंद जन्मगावच्या धर्मग्रामात राहते. नाशिकमध्ये विवाह करावयाचा असल्यास तेथून दाखला आणावा लागतो व विवाहानंतर त्याची सूचना परत त्याच वहीत नोंदविण्यासाठी पाठविली जाते. कागदोपत्रीसुद्धा गाव असे सुटत नाही. ८ सप्टेंबरच्या सुमारास हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेस, तसेच नाताळात, अनेक कुटुंबे गावी जातात आणि शहरातील चर्चमध्ये ऐन सणाच्या दिवशी ती दिसत नाहीत. त्यावरून त्यांना आस्था नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. शिवाय १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती धर्मीयांस अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत; त्यामुळे चर्चच्या वहीतील नाव ही कित्येकांच्या दृष्टीने निव्वळ धार्मिक बाब राहत नाही. नवागताचे स्वागत करणाऱ्याने वही उघडण्यापूर्वी हे लक्षात घेतलेले बरे.

मोठ्या धर्मग्रामात धर्मगुरूला प्रत्येक घर ठाऊक असणे अशक्य असते. यासाठी जवळपासच्या थोड्या कुटुंबांचे लघु ख्रिस्ती समूह करण्याची पद्धत आफ्रिकेत १९७० नंतर रुजली. मुंबई धर्मप्रांताने ती १९८० च्या दशकात स्वीकारली आणि १९९० मध्ये बांडुंग येथे आशियाई बिशपांच्या महासंघाने तिला ठळक मान्यता दिली. एखाद्या घरी जमून बायबलमधील उतारा वाचावा, त्यावर बोलावे आणि वस्तीत कोण आजारी, बेकार वा नवीन आहे याची विचारपूस करावी, असे तिचे साधे स्वरूप आहे. प्रत्यक्षात पाळ्यांची नोकरी आड येते. एका खोलीत राहणारे कुटुंब पाहुण्यांना बसवायचे कोठे म्हणून संकोचते. जेथे चहापाण्याचा थाट वर्ज्य केला जातो व बैठक गल्लीच्या सोयीने ठरते, तेथे समूह टिकण्याचा संभव अधिक असतो.

धर्मग्रामात आर्थिक समिती असणे १९८३ पासून सक्तीचे आहे. सल्लागार मंडळ मात्र बिशपच्या विचारावर अवलंबून असून त्याचे मत बंधनकारक नसते. मंडळावर कोण आहे यापेक्षा मराठी मिस्सेला येणारी एखादी कामगार स्त्री तेथे बोलू शकते काय, ही त्याची खरी कसोटी होय.

नाशिकरोड येथील बाळ येशूच्या मंदिरात फेब्रुवारीत भरणाऱ्या यात्रेस दूरदूरचे भाविक येतात. त्यांत अन्य धर्मीयही बरेच असतात. मिस्सांच्या वेळा, पाणी, रांगा व वाहने यांची व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकांत इंग्रजी व मराठी हा भेद सहसा शिल्लक राहत नाही. यात्रेकरू रविवारी रात्री परततात. सोमवारी मांडव उतरविण्यास जे उरतात, ते त्या ठिकाणचे धर्मग्रामवासी.