तीस शर्यती आणि एक जन्म

इ.स. ३५४ साली रोममधल्या व्हॅलेंटिनस नावाच्या एका ख्रिस्ती गृहस्थाला एक कालनिर्णय भेट मिळालं. दुसरा शब्द मला सुचत नाही. आपल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशी, ईद, पर्युषण आणि बँकेची सुट्टी एकाच पानावर गुण्यागोविंदानं नांदतात, तसाच तो ग्रंथ होता. त्यात सम्राटांचे वाढदिवस होते, जुन्या देवांचे उत्सव होते, रोमच्या बिशपांच्या याद्या होत्या आणि ख्रिस्ती रक्तसाक्षींच्या, म्हणजे धर्मापायी मारल्या गेलेल्यांच्या, तिथीही होत्या. फिलोकलस या नामांकित सुलेखनकारानं तो सजवला होता. मूळ पोथी केव्हाच हरवली. मध्ययुगात तिची एक नक्कल झाली, तीही सतराव्या शतकात गडप झाली. आज हाती आहेत त्या नकलांवरून केलेल्या नकला.

या ग्रंथातल्या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिली नोंद शहराच्या सणांच्या यादीतली, तारीख २५ डिसेंबर. आधी ‘एन’ हे एकच अक्षर, म्हणजे ‘नातालिस’ या लॅटिन शब्दाचं लघुरूप, अर्थ जन्मदिवस. पुढे ‘इन्विक्ति’, म्हणजे अजिंक्याचा. मग रथांच्या शर्यतींचा आकडा: ३०. हा अजिंक्य म्हणजे सूर्यदेव, असं जवळपास सगळे अभ्यासक मानतात, जरी सूर्य हा शब्द तिथे लिहिलेला नाही. दुसरी नोंद रक्तसाक्षींच्या यादीतली, अगदी पहिल्या ओळीवर. तारीख तीच. यहुदीयातल्या बेथलेहेमात ख्रिस्त जन्मला, एवढंच तिथे म्हटलं आहे.

एका ग्रंथात, एका तारखेला, दोन जन्म. आणि रोममध्ये हे दोन्ही दिवस पाळले जात होते याचा सगळ्यात जुना लेखी पुरावासुद्धा हाच एक ग्रंथ आहे. कोणी कोणाची तारीख उचलली, या प्रश्नावर दोन-तीनशे वर्षं वाद का पेटता राहिला, हे यावरून लक्षात यावं. वादी आणि प्रतिवादी एकाच साक्षीदाराला बोलावतात.

त्या साक्षीदाराला आणखी थोडं मागे नेता येतं. याच ग्रंथातली बिशपांच्या पुण्यतिथींची यादी तारखांच्या क्रमानं लावलेली आहे. बिशप सिल्व्हेस्टर ३३५ च्या शेवटच्या दिवशी वारला, तो आपल्या जागी नीट बसला आहे. त्याच्यानंतरचा मार्क ३३६ च्या ऑक्टोबरात गेला, त्याचं नाव मात्र क्रम मोडून शेवटी चिकटवलेलं. म्हणजे मूळ यादी या दोन मृत्यूंच्या मधल्या काळात तयार झाली आणि नंतरची नावं जागा मिळेल तिथे घातली गेली. रक्तसाक्षींची यादी तिचीच जोडीदार. म्हणून ३३६ हे साल नाताळचा पहिला पुरावा म्हणून सांगितलं जातं. कारकुनानं यादी पुन्हा नीट लिहिण्याचा कंटाळा केला, आणि आपल्याला एक साल मिळालं.

पण मग आधीची तीनशे वर्षं?

बायबलात तारीख नाही. चार शुभवर्तमानांपैकी मार्क आणि योहान जन्माची गोष्ट सांगतच नाहीत. मत्तय आणि लूक सांगतात, पण सालाचा मेळ बसत नाही. मत्तयाच्या गोष्टीत हेरोद राजा जिवंत आहे, आणि तो इ.स.पू. ४ मध्ये वारला असं बहुतेक इतिहासकार धरतात. लूक क्विरिनियसच्या वेळच्या नावनोंदणीचा दाखला देतो; ती इ.स. ६ मधली. मत्तयाचं मानलं तर ख्रिस्ताचा जन्म ख्रिस्तपूर्व चारच्या आधी झाला असावा, असं चमत्कारिक वाक्य गंभीर चेहऱ्यानं लिहावं लागतं. इसवी सनाची मांडणी केली ती ५२५ साली डायोनिसियस नावाच्या भिक्षूनं, आणि त्याचा हिशेब काही वर्षांनी हुकला. मेंढपाळ रात्री रानात कळप राखत होते, या लूकच्या तपशिलावरून महिना काढायचे प्रयत्नही पुष्कळ झाले. डिसेंबरच्या थंडीत कोण मेंढरं बाहेर ठेवील, असं एक म्हणतो. पावसानंतर तेव्हाच तर चारा असतो, असं दुसरा म्हणतो. मेंढरांच्या साक्षीवर निकाल लागत नाही.

इ.स. २०० च्या सुमाराला अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटनं अशा तारीखशोधकांची नोंद केली आहे. कोणी इजिप्शियन पंचांगातली अशी तिथी सांगतो की जी २० मेच्या आसपास येते, कोणी १९ किंवा २० एप्रिलची. क्लेमेंटचा सूर थोडा कपाळाला आठ्या घातल्यासारखा आहे: नको तितकी चौकशी करणारी माणसं. २५ डिसेंबरचं नाव त्यानं नोंदवलेल्या तिथींत नाही. पुढच्या पिढीतला ओरिजेन तर वाढदिवस या प्रकारावरच उखडलेला. पवित्र शास्त्रात वाढदिवस कोण साजरे करतो, असं त्यानं विचारलं आणि दोन नावं काढली. एक इजिप्तचा फारो, ज्यानं त्या दिवशी आपल्या आचाऱ्याला फासावर टांगलं. दुसरा धाकटा हेरोद, ज्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं मुंडकं तबकातून आलं.

त्या काळच्या ख्रिस्ती लोकांना जन्मापेक्षा मृत्यूचा दिवस मोलाचा. रक्तसाक्षी ज्या दिवशी मारला गेला त्या दिवसालाच ते ‘नातालिस’ म्हणत, कारण त्या दिवशी तो स्वर्गात जन्मला. आपल्याकडे सूफी पीराचा उरूस त्याच्या मृत्युदिनी भरतो आणि उरूस या शब्दाचा अर्थ मात्र लग्न. मनाचा तोच धागा इथेही दिसतो.

आता वाद. सगळ्यांच्या तोंडी असलेली गोष्ट अशी: सम्राट ऑरेलियननं २७४ मध्ये रोमला अजिंक्य सूर्याचं भव्य मंदिर उभारलं, २५ डिसेंबरला उत्सव सुरू केला आणि चर्चनं लोकांना वळवण्यासाठी तीच तारीख घेतली. मंदिर उभारल्याचं खरं. पण त्याचा सोहळा २५ डिसेंबरला झाला, असं कोणताही प्राचीन लेखक सांगत नाही. व्हॅलेंटिनसच्या ग्रंथातल्या त्या एका ओळीवरून तो अंदाज मागे नेलेला आहे. त्याच यादीत सूर्याच्या नावानं ऑक्टोबरात खेळ आहेत आणि त्या वेळच्या शर्यती ३६. म्हणजे सूर्याचा मोठा उत्सव डिसेंबरातलाच, असं छातीठोक म्हणवत नाही. सॅटर्नेलिया हा रोमनांचा धमाल सण १७ डिसेंबरला सुरू होऊन २३ ला संपे, म्हणजे २५ च्या आधीच. मिथ्र देवाचा जन्म २५ डिसेंबरचा, हे दर वर्षी फिरणाऱ्या मजकुरात हमखास असतं. त्याला प्राचीन आधार सापडत नाही. आणि चर्चनं ठरवून तारीख उचलली, असं प्रथम स्पष्ट लिहिलेलं मिळतं ते एका सिरियाक हस्तलिखिताच्या समासात, बाराव्या शतकात. घटनेनंतर आठशे वर्षांनी.

दुसरी उपपत्ती मला जास्त भुरळ घालते. ती अंकगणिताची आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभी उत्तर आफ्रिकेतल्या तर्तुलियनच्या लिखाणात येशूला क्रूसावर खिळल्याची तारीख २५ मार्च दिली आहे. थोर माणूस ज्या दिवशी जातो त्याच दिवशी तो आलेला असतो, अशी एक समजूत होती. मराठी वाचकाला ही समजूत परकी वाटू नये. वैशाख पौर्णिमेला बुद्धाचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि महापरिनिर्वाण तिन्ही येतात. यहुद्यांच्या तालमुदातही पूर्वज ज्या महिन्यात जन्मले त्याच महिन्यात वारले, अशी चर्चा आहे. ख्रिस्ती हिशेबात ‘आला’ म्हणजे मरीयेच्या उदरी आला. २५ मार्चमध्ये नऊ महिने मिळवा: २५ डिसेंबर. पूर्वेकडे काही जण क्रूसाचा दिवस ६ एप्रिल धरत. त्यात नऊ महिने मिळवा: ६ जानेवारी, आणि पूर्वेकडचा जुना सण नेमका तोच! आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्तजन्म ६ जानेवारीलाच पाळतं. दोन्हीकडचा हिशेब असा चपखल बसतो की हात जोडावेत.

पण तिथेही ठेच लागते. गर्भधारणा आणि मृत्यू २५ मार्चचे आणि जन्म २५ डिसेंबरचा, हे धर्मपंडित ऑगस्टीन स्पष्ट लिहितो खरं, पण तोवर सण रुळून अर्धशतकाहून अधिक काळ लोटला होता. तारीख आधी ठरली आणि गणित मागून बसवलं, अशी शंका घ्यायला जागा उरते. गंमत म्हणजे सूर्याची बाजू मांडणारा हेर्मान उसेनरचा जर्मन ग्रंथ आणि गणिताची बाजू मांडणारं लुई द्युशेनचं फ्रेंच पुस्तक, दोन्ही १८८९ सालचीच.

माझं मत विचाराल तर दोन्ही बाजू एका वस्तूभोवती फिरताहेत, आणि ती वस्तू आकाशात आहे. रोमनांच्या परंपरेत २५ मार्च हा वसंतसंपात आणि २५ डिसेंबर हा सूर्याच्या दक्षिणायनाचा शेवट. तारीख सूर्याच्या सणावरून घ्या की क्रूसाच्या दिवसावरून काढा, रोमन पंचांगातले हे दोन खुंटे टळत नाहीत.

मग प्रत्यक्षात सूर्य २१-२२ डिसेंबरलाच का वळतो? सीझरच्या कॅलेंडरचं वर्ष खऱ्या वर्षापेक्षा सुमारे ११ मिनिटांनी मोठं होतं. त्यामुळे साधारण १२८ वर्षांत एक दिवस घसरे. १५८२ मध्ये पोप ग्रेगरीनं दहा दिवस गाळले, पण सूर्याला सीझरच्या काळी नेऊन ठेवलं नाही. ३२५ सालच्या नायसियाच्या परिषदेच्या वेळची स्थिती प्रमाण धरली. तोवर झालेली घसरण तशीच राहिली. आपली मकरसंक्रांतही अशीच सूर्यापासून सुटलेली आहे, कारण मात्र वेगळं: अयनचलन, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची संथ गिरकी. तिळगूळ वाटतो तेव्हा उत्तरायण सुरू होऊन तीन आठवडे उलटलेले असतात. भारतात शासकीय पंचांगासाठी या चलनाचं जे माप (अयनांश) मानलं जातं, त्यानुसार संक्रांत आणि खरं उत्तरायण इ.स. २८५ च्या सुमाराला एकत्र होते. ऑरेलियनच्या मंदिरानंतर अकरा वर्षांनी!

रोमचा सण पूर्वेला पोचायला वेळ लागला. ३८६ साली अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम प्रवचनात सांगतो की हा दिवस आपल्याला कळून दहा वर्षंही झालेली नाहीत. श्रोत्यांत कुरबूर असावी, कारण तो पुरावे देत बसतो: बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा बाप जखऱ्या याजक मंदिरात गेला तो प्रायश्चित्ताचा दिवस, मग त्याच्या बायकोचं, अलीशिबेचं, गरोदरपण, सहा महिन्यांनी मरीयेला निरोप, पुढे नऊ महिने. आणि सूर्य काही सहजी हटला नाही. पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनातच लोकांना रागावतो: सेंट पीटरच्या पायऱ्या चढता चढता तुम्ही मागे वळून उगवत्या सूर्याला मान लवता!

नाताळ मुळात पाखंड्यांचा, हा आरोप पुढे सगळ्यात कडक शब्दांत कोणी केला? नास्तिकांनी नव्हे, कट्टर ख्रिस्ती प्युरिटनांनी. बायबलात आज्ञा नाही, तारीख मूर्तिपूजकांची, मग सण कशाला? १६४७ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटनं नाताळ रद्दच केला. त्या २५ डिसेंबरला कँटरबरीत दुकानं उघडी ठेवा म्हणून हुकूम निघाला आणि लोकांनी दंगल केली. रस्त्यात फुटबॉलही खेळले. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत १६५९ पासून १६८१ पर्यंत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये तर २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टीचा दिवस झाला १९५८ साली.

इंग्लंडातल्या त्या बंदीच्या एकतीस वर्षं आधी साष्टीतल्या राशोल गावी एक पुस्तक छापून निघालं होतं. लेखक इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये गोव्यात आला तो इथलाच झाला. पुस्तक ‘ख्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्या, भाषा मराठी, लिपी रोमन. मायदेशात ज्या जन्माचा उत्सव गुन्हा ठरणार होता तो जन्म हा इंग्रज ओव्यांतून सांगून मोकळा झालेला.

आणि नाताळ हा शब्द? पोर्तुगीज गोव्यात आले ते ‘नाताल’ घेऊन. इथे पोचण्याआधी वास्को द गामानं तो वाटेतही ठेवला होता: १४९७ च्या ख्रिसमसला त्याची गलबतं आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याजवळ होती, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव पडलं नाताळ. १८९४ मध्ये गांधीजींनी नाताळ इंडियन काँग्रेस काढली ती तिथलीच. गोव्यात आणि वसईत घरोघर नेवऱ्या, करंज्या तळल्या जातात तेव्हा तोंडी हाच शब्द असतो. पोर्तुगीजांकडे तो लॅटिनमधून आला, ‘नातालिस’वरून. व्हॅलेंटिनसच्या ग्रंथात ख्रिस्ताच्या ओळीत ‘नातुस’ आहे, जन्मला या अर्थी. ‘नातालिस’ आहे ते शहराच्या सणांच्या यादीत, एका अक्षरापुरतं, तीस शर्यतींच्या शेजारी.