उसना दुभाष्या

संगणकाला प्रिंटर जोडला, की तो आपोआप छापू लागतो, असा आपला समज असतो. वस्तुतः संगणकाला प्रिंटरची भाषा येत नाही आणि प्रिंटरला संगणकाची. दोघांच्या मध्ये एक छोटा प्रोग्रॅम बसलेला असतो. त्याला ‘ड्रायव्हर’ म्हणतात. नाव गाडी हाकणाऱ्याचे, काम मात्र दुभाष्याचे! माझ्या घरात दखनी बोलली जाते आणि कविता मी मराठीत लिहितो. त्यामुळे दोन भाषांच्या मध्ये उभे राहणे किती नाजूक असते, याची मला सवय आहे. बी. ए. झालेल्या माझ्यासारख्या माणसाला या तांत्रिक विषयाची गोडी लागली, ती याच वाटेने.

आता अडचण अशी, की हा दुभाष्या एकाच दरबारचा असतो. विंडोजसाठी लिहिलेला ड्रायव्हर पावलोपावली विंडोजकडे काही ना काही मागत असतो. मला थोडी मेमरी दे, अमुक वेळाने मला उठव, ही माहिती पुढे पोचव. या मागण्या ठरावीक नावांनीच होतात. त्याला लिनक्समध्ये नेऊन बसवले, तर त्या नावांना ‘ओ’ देणारे तिथे कोणीच नसते.

२००० नंतरच्या काही वर्षांत हा पेच फार जाणवला. लॅपटॉपमध्ये वायफाय येऊ लागले होते. अनेक उत्पादक फक्त विंडोजचे ड्रायव्हर देत आणि आपली चिप कोणती भाषा समजते, हे जाहीर करत नसत. २००६ च्या सुमारास माझ्या पुतण्याने जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवले. पडदा चालला, आवाज आला, वायफाय मात्र मुके राहिले. तेव्हा त्याने ‘एनडीआयएसरॅपर’ वापरले आणि ते बोलू लागले.

हा प्रोग्रॅम २००३ मध्ये पॉन्टस फुक्स यांनी सुरू केला आणि पुढे गिरिधर पेम्मसानी यांनी वाढवला. त्यातली युक्ती साधी आहे. नेटवर्कच्या उपकरणांसाठी मायक्रोसॉफ्ट आणि थ्रीकॉम या कंपन्यांनी ‘एनडीआयएस’ नावाची नियमावली केली होती. त्यामुळे असा ड्रायव्हर साधारणपणे काय काय मागेल, याची यादी हाती होती. एनडीआयएसरॅपरने त्याच नावांची माणसे लिनक्समध्ये उभी केली. पाहुण्याने विंडोजच्या नावाने हाक मारायची आणि आतून लिनक्सने काम करून द्यायचे. प्रोसेसर दोन्हीकडे एकाच जातीचा असल्याने ड्रायव्हरमधल्या सूचना एकेक करून बदलाव्या लागत नव्हत्या. बदलायचा होता तो फक्त शिष्टाचार. विंडोजच्या सीडीवरच्या ‘आयएनएफ’ आणि ‘एसवायएस’ अशा दोन फाइली दिल्या, की बहुधा भागत असे. ‘फ्रीबीएसडी’ या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी बिल पॉल यांनी त्याच सुमारास असाच उपाय केला.

पण उसन्या दुभाष्याच्या काही अटी असतात. ३२ बिटांच्या लिनक्सला ३२ बिटांचाच ड्रायव्हर लागे. विंडोजच्या ड्रायव्हरला कामासाठी १२ किलोबाइटचा कोपरा मिळण्याची सवय. लिनक्समध्ये तो ८, कधी तर ४ किलोबाइटचाच असे आणि जागा अपुरी पडली, की सारा संगणक गोठे. शिवाय ड्रायव्हर काम करतो तो सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये. तिथे तो अडखळला, तर सगळेच कोसळू शकते. त्याचा मूळ मजकूर बंद असल्याने चूक कुठे झाली, हे कोणालाच पाहता येत नाही. असा पाहुणा आत आला, की लिनक्सचे कर्नल स्वतःवर ‘डागाळलेले’ अशी खूण करून ठेवते.

म्हणून काहींनी अवघड वाट धरली. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपांबाबत एका गटाने उपलब्ध ड्रायव्हरचा अभ्यास करून चिपची भाषा वर्णन करून ठेवली. दुसऱ्या गटाने केवळ ते वर्णन वाचून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो लिनक्सच्या कर्नलमध्ये दाखल झाला. २०१० मध्ये ब्रॉडकॉमने स्वतःच आपल्या काही नव्या चिपांसाठी खुला ड्रायव्हर दिला. चिपची भाषा कळली, की उसनवारीची गरज उरत नाही. आज बहुतेक वायफाय चिपांचे ड्रायव्हर लिनक्सबरोबरच येतात आणि एनडीआयएसरॅपरचे काम जवळजवळ संपले आहे.

हे सारे सांगायचे कारण म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण धडधाकट असे कितीतरी संगणक घरोघरी आहेत. लिनक्सवर त्यांना दुसरे आयुष्य मिळू शकते. ते मिळेल की नाही, हे पुष्कळदा एखाद्या ड्रायव्हरवर ठरते. तेव्हा जुना संगणक भंगारवाल्याला देण्याआधी एवढे करा. लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन, आतले काहीही न पुसता, त्यावरूनच संगणक सुरू करून पाहा. वायफाय, आवाज, प्रिंटर, कॅमेरा एकेक तपासा. आणि नवे उपकरण घेताना दुकानदाराला किमतीबरोबर हेही विचारा, की याचा ड्रायव्हर आणखी कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी मिळतो? वस्तू किती वर्षे आपल्या उपयोगी पडेल, हे त्या उत्तरावरही अवलंबून आहे.