शेपटीचे चाक आणि पायांचे काम

पंखांखाली दोन मोठी चाके आणि शेपटीखाली एक लहानसे चाक किंवा नुसती घसरपट्टी, ही विमानांची मांडणी दुसऱ्या महायुद्धापर्यंत सर्रास आढळत असे; जे. आर. डी. टाटा यांनी १९३२ साली कराचीहून जुहूला टपाल आणले ते पस मॉथ याच घडणीचे होते आणि डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले, १९५१ साली प्रथम उडालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमानही त्याच घडणीचे. नाकाखाली चाक असलेली सेसना १७२ सारखी विमाने त्यानंतर रुळली आणि जमिनीवरचे काम सोपे झाले, परंतु त्याबरोबर वैमानिकांचे पाय आळशी झाले, हेही मान्य करावे लागते. अमेरिकेत १९९१ पासून, त्यापूर्वी अशी विमाने चालवलेल्यांचा अपवाद सोडल्यास, शेपटीच्या चाकाच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण आणि प्रशिक्षकाची लेखी नोंद बंधनकारक आहे.

या विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो आणि सगळी अडचण तिथूनच सुरू होते. धावपट्टीवर नाक किंचित एका बाजूला वळले की चाकांचे घर्षण पुढचा भाग नव्या दिशेला ओढते, मागचे वजन मात्र जुन्याच दिशेने पुढे जाऊ पाहते, त्यामुळे वळण आपोआप वाढत जाते आणि वेळीच आवरले नाही तर शेपटी पुढे येऊन विमान जागच्या जागी गरकन फिरते. यालाच ग्राउंड लूप म्हणतात, आणि त्यात पंखाचे टोक किंवा चाकाचा पाय बऱ्याचदा मोडतो. नाकाखाली चाक असलेल्या विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असल्याने तेच वजन विमानाला सरळ करते. म्हणून शेपटीच्या चाकाचे विमान सरळ ठेवणे हे तळहातावर काठी उभी धरण्यासारखे आहे: दुरुस्ती लहान, सतत आणि तिरपेपणा डोळ्यांत भरण्याआधीच करावी लागते.

ती दुरुस्ती रडरने, म्हणजे शेपटीवरच्या उभ्या, पायांच्या पेडलांनी हलणाऱ्या पृष्ठाने होते. पायपर कबसारख्या, वैमानिकाच्या बाजूने पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पंखा फिरणाऱ्या विमानात उड्डाणाच्या वेळी नाक डावीकडे ओढले जाते, कारण पंख्याचा पीळदार झोत शेपटीच्या डाव्या बाजूवर आदळतो, नाक वर असताना उजवीकडून खाली येणारे पाते अधिक जोर लावते आणि शेपटी उचलली जाताना फिरत्या पंख्याचा भोवऱ्यासारखा परिणामही त्यात भर घालतो. त्यामुळे उजवा पाय दाबावा लागतो. टायगर मॉथचे जिप्सी मेजर इंजिन उलटे फिरत असल्याने तिथे डावा पाय लागतो, आणि एका विमानावर मुरलेल्या पायांची दुसऱ्यावर फजिती होते. कबमध्ये आणखी एक गंमत आहे: एकटा वैमानिक मागच्या आसनावर बसतो, जमिनीवर नाक वर असल्याने समोरची पट्टी नीट दिसत नाही, म्हणून नजर पट्टीच्या दोन्ही कडांवर ठेवून दिशा ओळखावी लागते.

उतरल्यानंतरचा टप्पा अधिक कसोटीचा, कारण हवेचा वेग निम्मा झाला की रडरची ताकद सुमारे चौथाई उरते. तिन्ही चाके एकदम टेकवून उतरल्यास स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातली नियंत्रणाची दांडी, मागे धरून शेपटीचे चाक जमिनीवर दाबून ठेवता येते. बाजूचा वारा असल्यास स्टिक वाऱ्याच्या दिशेलाही ठेवावी लागते. ब्रेक हा अखेरचा उपाय, तोही हलक्या पायाने, नाहीतर विमान नाकावर जाते.

हवेत रडरचे काम विमान वळवण्याचे आहे, असा नवशिक्यांचा हमखास समज असतो. वळण येते ते पंख तिरके केल्याने. मात्र डावीकडे झुकताना उजव्या पंखाच्या मागच्या कडेवरील हलता भाग, म्हणजे एलेरॉन, खाली येतो, त्या पंखाचे उत्थापन आणि त्याबरोबर हवेचा अडथळाही वाढतो, आणि नाक उलट उजवीकडे सरकते. रडरने ही ओढ मोडायची असते. ती मोडली की नाही हे वक्र नळीतली गोळी दाखवते, आणि गोळी ज्या बाजूला सरकेल तिकडचा पाय दाबायचा. उतरण्यापूर्वीच्या अखेरच्या वळणावर याचे महत्त्व सर्वाधिक असते: पट्टीची रेषा ओलांडली जाते आहे असे वाटून वैमानिक आतल्या बाजूचा रडर जोराने दाबतो, विमान बाहेर घसरते, वेग कमी असल्यास आतला पंख आधी उत्थापन गमावतो आणि विमान गिरकी घेऊ लागते, आणि तेव्हा जमीन इतकी जवळ असते की सावरायला उंचीच उरलेली नसते.