पत्रा चुकला की गाडी?

मागच्या वेळी आपण थिसियसच्या जहाजापाशी थांबलो होतो. एकेक फळी बदलत गेलो तर शेवटी जहाज तेच उरतं का, हा प्लुटार्कने नोंदवलेला वाद. आज त्याच वादाची गॅरेजमधली आवृत्ती घेऊ, पण ‘ती तीच का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून. कारण सुताराला त्याच्या आधीचा प्रश्न पडतो: नवी फळी बसते का? आणि बसली नाही, तर चूक फळीची की जहाजाची?

उदाहरण म्हणून एमजीबी ही इंग्लिश गाडी घेऊ. 1962 ते 1980 या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला तिची जुळणी होत असे. टपाची आणि बिनटपाची मिळून 5 लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. आपण बिनटपाची डोळ्यांसमोर ठेवूया. हिला वेगळी चासी नाही, पत्र्याचा सांगाडा हीच चासी. आणि डोक्यावर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग जोडून धरण्याचं मोठं काम दाराखालच्या पेट्या करतात. त्यांना सिल म्हणतात, म्हणजे उंबरठाच. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत आणखी थर असतात आणि ते सगळे मिळून बंद पेटी होते. गंज लागतो तो नेमका इथे, आतून.

आता नवे पत्रे कुठून येतात? विटनी गावातली ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था जिथे मूळ साचे उपलब्ध आहेत तिथे त्यांवरच पत्रे दाबते. 1988 मध्ये तर त्यांनी एमजीबीची अख्खी नवी बॉडी बाजारात आणली. दुसरे उत्पादक जुना पत्रा समोर ठेवून नवा साचा करतात. त्यांत कडा जरा बोथट, वळण जरा सैल, असं होऊ शकतं. पण मूळ साच्यातला पत्रासुद्धा खटकन बसेल असं समजू नका. कारखान्यातदेखील दारं-बॉनेट हाताने जुळवावी लागत, काही सांधे शिशाने भरून घासले जात. एकसारख्या म्हणून विकलेल्या दोन गाड्या मुळात एकसारख्या नव्हत्याच. शिवाय 1974 मध्ये रबरी बंपर आले आणि तोंडवळाच बदलला, त्यामुळे ‘एमजीबीचा पत्रा’ मागवून भागत नाही, साल सांगावं लागतं.

म्हणजे बघा, पंचाईत काय होते. पत्रा बरोबर आहे का हे आपण गाडीला लावून ठरवणार. पण साठ वर्षांत गाडीच वाकलेली असेल तर? मग गाडी बरोबर आहे का, हे पत्रा लावून ठरवणार? आपल्या नैयायिकांनी याला अन्योन्याश्रय दोष म्हटलं आहे. दोघं एकमेकांचे साक्षीदार, आणि तिसरा कोणी नाही.

सुटका तिसऱ्या प्रमाणाने होते. खालच्या बाजूला, जिथे सस्पेन्शन बसतं, ते बिंदू जाड पत्र्यातले असतात आणि सहसा टिकलेले असतात. त्यांच्यातली अंतरं दुरुस्तीच्या पुस्तकाशी ताडायची, तिरके कर्ण दोन्ही बाजूंनी मोजायचे. ते जुळले तर गाडी साक्षीला उभी राहू शकते. दुसरा साक्षीदार म्हणजे गाडीचं स्वतःचं जुनं दार. म्हणूनच दारं, सिल, मडगार्डं एकदम बदलू नयेत असं आमचं ठाम मत आहे. सगळंच नवं झालं की मोजायचं कशावरून?

आता प्रत्यक्ष काम. सिल कापण्याआधी दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, लोखंडी आडवा टेकू वेल्ड करतात. गाडीचं वजन चाकांवर किंवा ॲक्सलखाली, रस्त्यावर असतं तसं ठेवतात. हे टाळलं तर गाडीचं पोट खाली येतं, दाराच्या वरच्या बाजूची फट मिटते, आणि त्याच अवस्थेत वेल्डिंग झालं की ती वाकण कायमची. मग दार घासून बसवा, नाहीतर केलेलं सगळं पुन्हा कापा. म्हणून एका वेळी एकच बाजू.

पूर्ण लांबीचा सिल पुढे मडगार्डाच्या आत आणि मागे मागच्या पत्र्याखाली शिरतो. म्हणजे पुढचं मडगार्ड उतरवायला हवं (ते बोल्टने बसतं, हे नशीब) आणि मागच्या पत्र्याचा खालचा कोपरा कापायला हवा. नवा सिल आधी नुसता पकडींनी धरायचा. दार लावायचं, मडगार्ड टांगायचं, फटी वरपासून खालपर्यंत समांतर आहेत का ते पाहायचं. मग चार टाके. पुन्हा दार. वेल्डिंगसुद्धा सलग नाही, थोडं इथे, थोडं तिथे, कारण साधारण 1 मिलिमीटरचा पत्रा उष्णतेने लगेच आळसावतो. घाई करणाऱ्याचं हे काम नव्हे, बरं का.

एक पळवाट मात्र सर्रास दिसते. कुजलेल्या सिलवर दुसरा पातळ पत्रा चढवायचा, वर लांबी भरायची, रंग मारायचा. दिसायला झकास. फटीही ठीक, कारण काही हललेलंच नाही! पण आतली पेटी संपलेली असते, आणि अपघातात भार घ्यायला तिथे काहीच नसतं. गाडी विकत घेताना म्हणूनच चुंबक फिरवून पाहतात. लांबीवर तो चिकटत नाही. लबाडी पत्र्याने झाकली असेल, तर मात्र चुंबकही फसतो. अशा वेळी गाडी जॅकवर उचलून दार उघडून-लावून पाहावं. दार अडकलं, तर सांगाडा वाकतो आहे.

नव्या पत्र्यावरचा काळा थर पाहून निर्धास्त होऊ नये. वेल्डिंगच्या जागी तो खरवडून जस्तयुक्त प्रायमर लावावा. काम संपल्यावर पेटीत आतून मेण फवारावं, आणि पाणी निचरण्याची खालची छिद्रं त्या मेणानेच बुजली नाहीत ना, हे एका तारेने तपासावं.