मेजावरील रणांगण

दिवाळीत पेण-रोह्याच्या अंगणांतून मुले मातीचे किल्ले रचतात. बुरूज उठतात, अळीव उगवतात, महाराज सिंहासनावर बसतात, पायऱ्यांवर मावळे उभे राहतात. उणीव एकच, शत्रू कोठेच नसतो! त्याला उभे करून दोन माणसे समोरासमोर बसवली, की याच किल्ल्याचा युद्धखेळ होतो.

हा निव्वळ पोरखेळ नव्हे. प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली असा खेळ १ : ८००० प्रमाणाच्या नकाशावर बसविला आणि तेथील सैन्याने तो शिक्षणासाठी उचलला. १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात खेळण्यातले शिपाई व तोफा घेऊन घरच्या फरशीवर लढण्याचे नियम दिले.

नवशिका पहिल्याने विचारतो, बाहुल्या केवढ्या घ्याव्यात? आमचे म्हणणे असे, की आधी लढाई निवडावी, मग जमीन, मग प्रमाण, सैन्य शेवटी.

उंबरखिंडच घेऊ. तेथली अंबा नदीच पुढे आपल्या नागोठण्यावरून वाहते. शाएस्ताखानाने धाडलेला कारतलबखान घाट उतरून कोकणात शिरला. २ फेब्रुवारी १६६१ रोजी शिवाजीमहाराजांनी त्याला या अरण्यात कोंडले. येथे जिंकली ती अडचणीची वाट, झाडी आणि पाण्याची टंचाई. सपाट मेजावर दोन समान फौजा मांडल्या, तर ती उंबरखिंड राहणारच नाही.

आता प्रमाण पाहू. २८ मिलिमीटरची बाहुली म्हणजे अंदाजे १ : ६०. याच मापाने रोह्याचा सुमारे ३०० मीटर उंच अवचितगड केला, तर तो ५ मीटर होऊन घराच्या आढ्याला भिडेल. म्हणून मापे दोन ठेवावीत, एक बाहुलीचे, दुसरे जमिनीचे. १ सेंटिमीटरला १० मीटर धरले, की २ किलोमीटरचा मुलूख २ मीटरच्या मेजावर मावतो. एका बाहुलीस ५० माणसे धरली, तर २० बाहुल्यांत हजाराची तुकडी उभी राहते. मोठी बाहुली डोळ्यांना सुखावते. पण डावपेच पाहायचे असतील, तर बाहुली लहान आणि मैदान ऐसपैस हवे.

जयाची कसोटीही प्रसंगातूनच काढावी. कारतलबखानाने अखेर खंडणी देऊन सुटका करून घेतली. रायबागनने त्याला शरण जाण्याचा सल्ला दिल्याचे 'शिवभारत' सांगते. तेव्हा किती प्यादी पडली हे मोजून येथे निकाल लागणार नाही. खानाच्या बाजूने बसलेल्यास पुढे रेटणे, मागे फिरणे अथवा तह करणे, या तिन्ही वाटा मोकळ्या हव्यात. त्या वेळी त्याला काय दिसत होते आणि काय दिसत नव्हते, हे उमगले, की महाराजांनी जागा कशी हेरली, याचे मोल कळते.

पेणच्या कारागिरांचा हात मातीत मुरलेला आहे. त्यांच्या साच्यांतून मावळ्यांबरोबर मोगल स्वारही तितक्याच निगुतीने उतरावेत. प्रतिपक्ष दुबळा रंगविला, तर आपला विजयही तेवढाच हलका ठरतो.