दार उघडणं सोपं, दार बंद आहे हे कळणं अवघड

हॉलिवूडच्या सिनेमात हमखास दिसणारं एक दृश्य म्हणजे हीरोची गाडी घराजवळ येते आणि गॅरेजचं दार आपोआप वर सरकतं. आज अमेरिकेत हेच दार मोबाईलवरूनही उघडतात, तेही छताला लटकलेली जुनी मोटर न बदलता. कसं, ते पाहू.

ह्या मोटरला तिकडे 'ओपनर' म्हणतात. दार चांगलंच जड असतं, पण त्याचं बहुतेक वजन स्प्रिंग तोलून धरते, म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटरही पुरते. भिंतीवरच्या बटणापासून ओपनरपर्यंत दोन बारीक वायरी जातात. बटण दाबलं की त्या क्षणभर जोडल्या जातात आणि मोटर सुरू होते. स्मार्ट कंट्रोलर हेच काम छोट्या रिलेकडून करवून घेतो. रिलेची दोन टोकं त्याच दोन वायरींना पॅरलल जोडायची आणि वाय-फायवरून हुकूम आला की अर्धा सेकंद कॉन्टॅक्ट जोडून सोडून द्यायचा. जुनं बटण, जुना रिमोट, सगळं पहिल्यासारखं चालतं. मात्र कॉन्टॅक्ट ड्राय हवा. बाहेरचं व्होल्टेज आत घुसलं तर ओपनरचा बोर्ड गेलाच म्हणून समजा.

इथपर्यंत सगळं मिनी प्रोजेक्टइतकं सोपं. खरी गोम पुढेच आहे.

खोलीतल्या पंख्याचा स्विच चालू आहे की बंद, हे बघून कळतं. गॅरेजचं बटण दारावरच्या बेलसारखं असतं, त्याला दिशाच नसते. बंद दार उघडतं, उघडं दार बंद होतं. आता ऑफिसात बसून तुम्ही 'बंद कर' म्हणून बटण दाबलंत आणि दार आधीच बंद होतं, तर? स्वतःच्या हाताने घर उघडं टाकलंत! म्हणून दाराला मॅग्नेट आणि चौकटीला रीड स्विच, नाहीतर दारावरच टिल्ट सेन्सर लावतात. आधी दार कुठे आहे ते बघायचं, मग रिले ऑन करायचा, आणि शेवटी दार खरंच पोचलं का ते पुन्हा तपासायचं. परीक्षेसाठी आपण ओपन लूप आणि क्लोज्ड लूप घोकतो ना, तो फरक हाच. अजून एक गोष्ट. लाईट जाऊन आली की कंट्रोलर रिस्टार्ट होतो आणि काही पिनांवर क्षणभर नको तो सिग्नल येतो. तेवढ्याने मध्यरात्री दार उघडू शकतं. तेव्हा पिन निवडण्याआधी डेटाशीट वाचा.

दुसरा प्रश्न जिवाचा. दाराखाली सापडून लहान मुलं दगावली, म्हणून अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि १९९३ पासून बनणाऱ्या घरगुती ओपनरना जादा संरक्षण सक्तीचं झालं. जमिनीपासून ६ इंचांच्या आत समोरासमोर दोन फोटो सेन्सर असतात. मधला किरण तुटला की खाली येणारं दार परत वर जातं. भिंतीवरचं बटण दाबणारा माणूस दाराकडे बघत असतो, मोबाईलवाला कुठेही असू शकतो. म्हणूनच यूएल ३२५ ह्या मानकानुसार, असं दुरून दार बंद करताना किमान ५ सेकंद आधी दिवा आणि भोंगा चालू व्हावा लागतो. नुसत्या रिलेत हे नसतं, ते आपणच घालायचं. फोटो सेन्सर नसलेल्या ओपनरला तर कंट्रोलर लावूच नये.

चेंबरलेन कंपनीने २०११ मध्ये आणलेल्या 'सिक्युरिटी प्लस २.०' ओपनरमध्ये त्या दोन वायरींतून डिजिटल संदेश जातात. तिथे वायरी नुसत्या जोडून दार हलत नाही, ती भाषा बोलणारा बोर्डच लागतो. २०२३ मध्ये ह्या कंपनीने आपल्या 'मायक्यू' सेवेतून बाहेरच्या अनधिकृत ॲप्सना बंदी केली, तेव्हा अनेकांनी इंटरनेटशिवाय घरातल्या घरात चालणाऱ्या अशाच बोर्डांकडे मोर्चा वळवला.

उद्या तुम्ही गेट, शटर नाहीतर पाण्याचा पंप मोबाईलला जोडाल. रिले कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. पण 'आत्ता ते कुठल्या स्थितीत आहे?' आणि 'तिथे कोणी माणूस तर नाही ना?' ह्या दोन प्रश्नांची सोय दुकानदार करणार नाही, ती आपल्यालाच करावी लागेल.