ओन्सेनच्या पाण्याला नावं ठेवण्यापूर्वी

जपानला निघालेल्या कुणालाही ‘एक रात्र ऱ्योकानमध्ये, म्हणजे पारंपरिक जपानी सराईत राहा, ओन्सेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या कुंडात बसा’ असं सुचवलं, की ठरलेला प्रश्न येतो. ‘म्हणजे सगळ्यांनी एकाच पाण्यात आंघोळ करायची? शी!’ हे ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

ओन्सेनच्या पाण्यात कुणीही आंघोळ करत नाही. आंघोळ आधी होते, बाजूच्या जागेत. तिथे भिंतीलगत ओळीने बुटकी स्टुलं असतात, प्रत्येकासमोर आरसा, हँड शॉवर, साबण, शाम्पू आणि एक लहानसं घमेलं. स्टुलावर बसून डोक्यापासून टाचांपर्यंत अंग चोळून धुवायचं, फेसाचा टिपूस राहू द्यायचा नाही. उठताना स्टूलही धुवून ठेवायचं. लांब केस वर बांधायचे. जवळचा छोटा टॉवेलसुद्धा पाण्यात बुडवायचा नसतो, म्हणून लोक घडी करून तो डोक्यावर ठेवतात. एवढं झाल्यावर माणूस त्या गरम पाण्यात नुसता बसतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम पाण्याच्या कुंडांत कपड्यांनिशी उतरणारी माणसं आपण पाहिलेली असतात, पण इथे कपड्यांना मज्जाव आहे तो स्वच्छतेसाठीच. कपड्याबरोबर मळ आणि साबण पाण्यात येतो.

पुढची शंका, पाणी तेच ते असतं का? काही ठिकाणी झऱ्याचं पाणी सतत आत येतं आणि काठावरून वाहून जातं. त्याला ‘गेन्सेन काकेनागाशी’ म्हणतात. काही ठिकाणी ते गाळून, निर्जंतुक करून पुन्हा फिरवतात. यात लपवाछपवी चालत नाही. ओन्सेनचा कायदा १९४८ चा आहे, आणि २००५ पासून साधं पाणी मिसळतात का, तापवतात का, फिरवतात का, जंतुनाशक घालतात का, हे फलकावर लिहावंच लागतं. जपानी वाचता येत नसेल तर काउंटरवर विचारा. फलकाचा फोटो काढायला म्हणून कपडे बदलायच्या खोलीत मोबाइल बाहेर काढू नका.

कुसात्सू या ओन्सेनच्या गावी झऱ्याचं पाणी ५० अंशांच्या वर असतं. गार पाणी ओतलं तर त्याचा कस जाईल, म्हणून तिथे लांब फळ्यांनी ते घुसळून निववण्याची रीत पडली. पाण्याला इतकं जपणाऱ्या लोकांना आपण ‘शी’ म्हणतो!

आता बाकीचे गैरसमज. स्त्री-पुरुष एकत्र बसतात? तशी जागा, ‘कोन्योकु’, आता मोजकीच उरली आहे. एरवी दोन दारं, दोन पडदे. मात्र अनेक ठिकाणी रात्रीतून पडद्यांची अदलाबदल होते, तेव्हा सकाळी पडद्यावरचं अक्षर पुन्हा पाहूनच आत जा. अनोळखी लोकांसमोर संकोच वाटतो? बऱ्याच ऱ्योकानमध्ये तासाच्या हिशेबाने खासगी स्नानगृह मिळतं. टॅटू असेल तर सरसकट बंदी? २०१५ च्या सरकारी पाहणीत उत्तर दिलेल्यांपैकी सुमारे ५६ टक्के ठिकाणी मनाई होती, बाकीच्यांत थेट किंवा टॅटू झाकून प्रवेश होता. प्रत्येक ऱ्योकानला गरम झरा असतोच? नाही, बुकिंग करताना बघा. भाडं अवाच्या सवा? ते बहुधा माणशी असतं आणि त्यात रात्रीचं जेवण व सकाळची न्याहारी धरलेली असते.

त्या जेवणाबद्दल शाकाहारी मंडळींनी मात्र खरंच सावध राहावं. भाजीच्या वाटीतला रस्साही बहुधा सुकवलेल्या माशाच्या ‘दाशी’चा असतो. ‘मांस नको’ एवढं पुरत नाही. मासा आणि दाशीही चालणार नाही, हे बुकिंगच्या वेळीच लेखी कळवा. ताट पुढ्यात आल्यावर सांगितलं तर स्वयंपाकघराच्या हातात काही उरत नाही.